चित्र: जयराम केणी

ह्या मजकुराच्या आधी एक चित्र असायला हवं होतं. ते नाही. त्याच्या जागी रिकामी चौकट आहे, आणि ती रिकामी का, हे सांगण्यासाठीच मी लिहायला बसलो आहे. चित्र छापता येत नसलं तरी त्याचं वर्णन करायला अजून कुणी मनाई केलेली नाही. तेव्हा आधी ते उरकून घेतो.

एक विहीर आहे. कठड्याचे दगड ओबडधोबड, खालचे हिरवट. विहिरीशी एक बाई उभी आहे, आपल्याकडे पाठ करून. काष्ट्याचं हिरवं लुगडं, अंबाड्यात अबोली, हातात दोर. दोर ताणलेला आहे, म्हणजे कळशी खाली पाण्यात भरलेली आहे, पण बाई ती वर ओढत नाही आणि सोडूनही देत नाही. मागून कुणीतरी हाक मारावी तशी तिची मान किंचित वळली आहे. चेहरा दिसत नाही. गालाची एक कड तेवढी दिसते. त्या कडेच्या जोरावर नाटकाला माणसं गेली. नाटक तुफान चाललं. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांनाही ती पाठ ठाऊक आहे, कारण वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत ती असायची आणि पुढे कॅसेटच्या वेष्टनावरही आली. नाटकाचं नाव मी लिहीत नाही. संस्थेचंही लिहीत नाही. का ते पुढे कळेल, आणि कळल्यावर तुम्ही मला भित्रा म्हणालात तर माझी काही तक्रार नाही.

ती पाठ जयराम केणीने रंगवली. हे माहीत असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांत मी जाऊन पडलो, हे जयरामचं दुर्दैव.

जयराम वसईच्या खाडीकाठच्या एका गावातला. घरची भातशेती, उन्हाळ्यात मिठागरावर काम. शाळा सातवीपर्यंत. पण हात असा की गौरी-गणपतीत त्याने दारात घातलेली रांगोळी बघायला दुसऱ्या आळीतली माणसं येत, आणि म्हाताऱ्या बायका ती ओलांडायला कचरत. कुणीतरी त्याला मुंबईत, नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या एका कारखान्यात चिकटवून दिलं. तिथे सहा-सात वर्षं त्याने राजवाड्यांचे खांब रंगवले, जंगलं रंगवली, श्रीमंतांचे दिवाणखाने रंगवले. एकाही दिवाणखान्यात तो कधी बसला नव्हता. पडद्यावर चित्रकाराचं नाव लिहायची पद्धत नसते, आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं.

एकोणऐंशी साली त्या नाटकाचे निर्माते धावतपळत कारखान्यात आले. पोस्टर करणारा त्यांचा नेहमीचा चित्रकार कावीळ होऊन पडला होता आणि शुभारंभाची तारीख जाहीर झाली होती. मालकाने जयरामकडे बोट दाखवलं. निर्मात्यांनी नाटकाची गोष्ट चार वाक्यांत सांगितली आणि म्हणाले, एक बाई पाहिजे, विहीर पाहिजे, बाकी तू बघ, परवा सकाळी दे.

जयराम त्याच संध्याकाळी गावी आला. लग्नाला सहा महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने बायकोला, कमळीला, घरामागच्या विहिरीवर उभं केलं. ही हकिकत मला पुढे कमळीनेच सांगितली.

"दोर धरून उभी ऱ्हा म्हनाला. हलू नको म्हनाला. भरलेली कलशी खाली, आनि मी आपली उभी. हात भरून आलं. सासू आतून वरडते, पानी कुठं हाय म्हनून. मी मान वलवली तं हा म्हनतो, आता तशीच ऱ्हा."

म्हणजे ती हाक सासूची होती. त्या वळलेल्या मानेबद्दल आमच्या समीक्षकांनी पुढे काय काय लिहिलं आहे ते मी वाचलं आहे. सासूबाईंचा उल्लेख त्यात कुठे नाही.

चित्र त्याने प्लायवूडच्या फळीवर काढलं, कारण कागद आणायला वेळ नव्हता. सही करायचं धाडस झालं नाही. पण कठड्याच्या अगदी खालच्या दगडावर, शेवाळाच्या रंगात, त्याने एक बारीकसा 'ज' काढला. प्रेसवाल्यांनी चित्राच्या खालच्या भागावर तिकीटविक्रीची पट्टी घेतली आणि तो दगड झाकला गेला. छापलेल्या पोस्टरवर नाटककाराचं नाव आलं, दिग्दर्शकाचं आलं, नेपथ्य, प्रकाश, संगीत, सूत्रधार, सगळ्यांची आली. कायद्याने छापावं लागतं म्हणून तळाशी प्रेसचंही आलं. जयरामने घाबरत घाबरत विचारलं तेव्हा निर्माते म्हणाले, पुढच्या छपाईत टाकू. मानधनाचंही तेव्हाच बघू. आत्ता हे घे, असं म्हणून त्यांनी रविवारच्या प्रयोगाचे दोन पास त्याच्या हातात ठेवले.

मिळाले ते तेवढेच. नाट्यगृहाच्या दाराशी सहा फुटी पोस्टर लावलेलं होतं. स्वतःची एवढी मोठी पाठ बघून कमळीने पदर ओढून अंगाभोवती घट्ट गुंडाळून घेतला आणि नाटक संपेपर्यंत सोडला नाही.

प्रेसवाल्यांना मूळ फळी नको होती. जयराम ती घरी घेऊन आला आणि माजघरात, भाताच्या कणगीच्या वर, खिळ्याला टांगली. पुढे पडद्यांचा कारखाना बंद पडला. जयराम कायमचा गावी आला आणि वालीवच्या कारखान्यांच्या पाट्या रंगवू लागला. 'धूम्रपान सक्त मनाई.' 'कामाशिवाय आत येऊ नये.' विजेच्या डब्यांवर कवटी आणि दोन हाडं. त्याच्या कवट्यासुद्धा बघण्यासारख्या असत. वीस वर्षं त्यावर घर चाललं. मग फ्लेक्स आला. वीतभर कामाला दोन दिवस लावणारा माणूस कुणाला हवा होता?

आता माझं सांगतो. मी श्रीरंग. एका परवाना खात्यात चौतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालो आणि विरारला फ्लॅट घेऊन राहिलो. रिकामपण खायला उठलं म्हणून वसईतल्या एका वाचनालयाचा कार्यवाह झालो. दोन हजार तीन साली वाचनालयाला पंचाहत्तर वर्षं होत होती. त्यानिमित्त आमच्या भागातल्या रंगभूमीवरच्या माणसांचं एक पुस्तक काढायचं ठरलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. वाचनालयाची पाटीही नवी करायची होती. सगळे म्हणाले, फ्लेक्स लावू. मी म्हणालो, मला रंगवलेलीच पाहिजे. मी हट्टी आहे. त्या हट्टापायी जयराम माझ्या आयुष्यात आला.

दुपारी तो चहा प्यायला टेबलाशी बसला. पुस्तकासाठी जमवलेली कात्रणं पसरलेली होती. त्यातल्या एका जाहिरातीवर बोट ठेवून तो हळूच म्हणाला, "ही कमळी हाय."

मला वाटलं, नटीचं नाव सांगतो आहे. म्हणालो, "नाही, त्या नाटकात कमळी नावाची कुणी नव्हती."

"माजी बायको हाय, सायब."

मी अर्थातच विश्वास ठेवला नाही. परवाना खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. माजघरात अंधार होता. जयरामने फळी उतरवून पडवीत आणली, ओल्या फडक्याने पुसली, आणि मी खाली बसून पाहत राहिलो. मी ते पोस्टर शंभरदा पाहिलं असेल, पण ते पाणी कधी पाहिलं नव्हतं. लुगड्याचा काठ ओला होता आणि छपाईत तो ओलेपणा उतरलाच नव्हता. खालच्या दगडावर त्याने मला 'ज' दाखवला. मी त्याला म्हणालो, जयराम, तुमच्यावर अख्खं प्रकरण लिहितो. हे चित्र छापतो. खाली तुमचं नाव टाकतो.

तो उठला. आत गेला, ब्रश आणि काळा रंग घेऊन आला, आणि एका कागदाच्या पट्टीवर त्याने पाऊण तास लावून चार बोटं लांबीची एक ओळ काढली. चित्र: जयराम केणी.

"छापताना हीच लावाल का?" त्याने विचारलं. "माज्या अक्षरात?"

पन्नाशी उलटलेला माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांची नावं रंगवलेला. त्याने माझ्याकडे मागितलं ते एवढंच, आणि मी हो म्हणालो. नंतरच्या तीन महिन्यांत तो निदान दहा वेळा काही ना काही निमित्त काढून वाचनालयात आला. प्रत्येक वेळी जाताना दारात थांबून विचारायचा, "आलं का पुस्तक?"

प्रकरण मी मन लावून लिहिलं. त्या पाठीबद्दल, त्या मानेबद्दल, दोराच्या ताणाबद्दल लिहिलं. चित्र लहान आकारात, मजकुराच्या सोबत छापायचं होतं. सरळ छापून टाकायचं आणि मोकळं व्हायचं, कुणाच्या बापाला कळलं नसतं, आणि कळलं असतं तरी काही बिघडलं नसतं. पण घोडं पेंड खातं ते माझ्या स्वभावाशी. ना हरकत पत्राशिवाय मी माझ्या गॅलरीला जाळीसुद्धा लावलेली नाही. मी म्हणालो, नाटकाच्या संस्थेची रीतसर परवानगी घेऊ.

जयराम म्हणाला, "चित्र माजंच हाय ना? मग कोनाला इचारायचं?"

मी हसलो. मोठ्या माणसासारखा हसलो, आणि त्याला समजावलं की जगात असं चालत नाही, विचारलेलं केव्हाही बरं, एवढं नावाजलेलं नाटक, एवढी मोठी माणसं, ती कशाला नाही म्हणतील? पत्राचा मसुदा मीच केला. माझ्या मसुद्यांची खात्यात ख्याती होती. 'आपल्या नामांकित संस्थेच्या मालकीचे व आपण योग्य मोबदला देऊन मजकडून करून घेतलेले चित्र प्रसिद्ध करण्यास अनुमती मिळावी, ही नम्र विनंती.' पैसे मिळाले नव्हते, हे मला माहीत होतं. पण मागायला जाताना 'तुम्ही आम्हाला काही दिलं नाहीत' असं कसं लिहायचं? बरं दिसत नाही. म्हणून शोभेसाठी मोबदल्याचे शब्द घातले. मालकीचे शब्दही शोभेचेच होते. पत्रात समोरच्याला थोडं वर चढवावं लागतं, एवढंच माझ्या मनात होतं.

जयरामने पत्र वाचलं. मोबदल्याशी क्षणभर अडखळला, माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, तसं लिहायची पद्धत असते. त्याने खाली सही केली. इतकी सुरेख की मला वाटलं, सही बघूनच ते हो म्हणतील.

रजिस्टर पोस्टाने पत्र गेलं. दीड महिन्याने जयरामच्या नावाने वकिलाची नोटीस आली, एक प्रत वाचनालयाला. आपल्याच पत्रात आपण मान्य केल्याप्रमाणे सदर चित्र आमच्या अशिलांच्या मालकीचे आहे. त्याची कल्पना व मांडणीही त्यांचीच असून आपण केवळ सांगितल्याबरहुकूम काम केले आहे, सबब नावाचा प्रश्न उद्भवत नाही. संस्था स्वतः लवकरच ग्रंथ काढीत असल्याने कोणासही परवानगी देता येत नाही. आपल्याकडे असलेल्या सदर चित्राच्या सर्व प्रती पंधरा दिवसांत नष्ट करून तसे लेखी कळवावे, अन्यथा कारवाई केली जाईल.

आमचे अध्यक्ष हर्षवर्धनराव सभांमधून कलेबद्दल फार सुंदर बोलतात. नोटीस वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "ते पान काढा." मी वाद घातला. ते म्हणाले, "श्रीरंगराव, पत्र तुम्हीच लिहिलंत ना?"

त्याच दिवशी जयराम आला. नोटीस प्लास्टिकच्या पिशवीत, घडी करून. पिशवी त्याने टेबलाच्या पार कडेला ठेवली आणि स्वतः लांब उभा राहिला. त्याचं कारण मला नंतर कळलं. त्याच्या वडिलांच्या वेळी खाडीलगतच्या खाजणातल्या जमिनीबद्दल अशीच एक नोटीस आली होती. घरात कुणी ती उघडली नाही, कणगीवर ठेवून दिली. मुदत उलटली, जमीन गेली. त्या दिवसापासून त्या घरात आलेला कागद म्हणजे आलेला साप होता. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. मी रागात होतो, अध्यक्षांवर, संस्थेवर, स्वतःवर.

"घाबरू नका, मी बघतो," मी म्हणालो.

"ते लिवलंय तसं करायला लागंल का?"

मी वर न बघता म्हणालो, "कागदावर आलं म्हणजे करावं लागतंच, जयराम. पण बघू."

हे वाक्य मी रोज ऐकतो. सकाळी दाढी करताना ऐकतो. करावं लागतंच, जयराम.

आणि मग मी बारा दिवस काही केलं नाही. खरंच सांगतो. मुदत पंधरा दिवसांची असली तर उत्तर चौदाव्या दिवशी द्यायचं, म्हणजे समोरच्याला विचार करायला वेळ मिळत नाही, ही आमच्या खात्यातली हुशारी. ती माझ्या हाडीमांसी खिळलेली. मी निवांत मसुदे खरडत होतो.

बाराव्या दिवशी वसईजवळच्या पापडीला अ‍ॅडव्होकेट फ्लॉसी तुस्कानो ह्यांच्याकडे गेलो. तरुण बाई, आमच्या वाचनालयाच्या सभासद. त्यांनी माझ्याकडून सगळी हकिकत ऐकली, नोटीस वाचली, माझ्या पत्राची प्रत वाचली, आणि विचारलं, "हे पत्र पाठवायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच."

"अंकल, विचारायची गरजच नव्हती." त्या शांतपणे बोलत होत्या. "एखाद्या कलाकृतीवर तुम्ही समीक्षा लिहिता, तिच्यासोबत तेवढ्यापुरतं चित्र दाखवता, चित्रकाराचं नाव देता. ह्याला कायद्यात रास्त वापर म्हणतात. त्याला परवानगी लागत नाही. दुसरं, पैसे देऊन काढून घेतलेलं चित्र काढून घेणाऱ्याचं होतं. पण ह्यांना पैसे दिलेच नव्हते, हो ना? दोन पास म्हणजे मोबदला, हे त्यांना कोर्टात सिद्ध करावं लागलं असतं. तुम्ही ते लिहूनच दिलंत."

मी पत्राची प्रत घडी करून खिशात टाकली.

"आणि तिसरं. चित्र विकलं गेलं तरी हे मी काढलंय म्हणायचा हक्क विकला जात नाही. तो चित्रकाराकडेच राहतो. नाव तर ते कधीही मागू शकत होते. मूळ चित्र आहे ना त्यांच्याकडे?"

"आहे. त्यावर त्यांचं अक्षर आहे, दगडावर. छापलेल्यात ते दिसत नाही."

"मग झालं तर," त्या पहिल्यांदा हसल्या. "हाच पुरावा. माझं उत्तर जाईपर्यंत ते चित्र जिवापाड सांभाळा म्हणावं. पत्राचं बघू, काही मार्ग काढू."

मी त्या रात्री नीट झोपलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी सकाळी पेढे घेऊन जयरामच्या गावी गेलो. पेढे घेऊन गेलो, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

घरामागे विहिरीच्या कठड्याला टेकवून एक पांढरीशुभ्र फळी उन्हात वाळत ठेवलेली होती. मला वाटलं, बरं झालं, कुणाच्या तरी पाटीचं काम मिळालं. पेंटर लोक जुनी पाटी अशीच नवी करतात. आधी पॉलिश पेपरने घासून सगळा जुना रंग काढायचा, मग सफेद्याचा पांढरा हात द्यायचा, तो वाळला की दुसरा हात. जयराम बाजूला उकिडवा बसून ब्रश रॉकेलमध्ये धूत होता. मला बघून उठला.

"पंधरा दिवस सांगितलं व्हतं सायब. मी तेराव्यालाच केलं."

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मी फळीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, मग फळीच्या वरच्या कडेला असलेलं खिळ्याचं भोक बघितलं.

"अहो, प्रती म्हणजे छापलेल्या," मी म्हणालो. "प्रती नष्ट करा म्हटलं होतं. मूळ चित्र नव्हे."

"छापलेली माज्याकडं एक पन नव्हती," जयराम म्हणाला. "ही एकच व्हती."

मी कठड्यापाशी खाली बसलो. पेढ्यांचा पुडा मांडीवर होता. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला, ब्रश अजून हातात, आणि म्हणाला, "आता तेवढं लेखी द्यायचं हाय. तुमी लिवून द्या, तुमचं चांगलं असतं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

कमळी मागच्या दारात उभी होती. केस पांढरे झालेले, अंगाने बारीक झालेली. ती फळीकडे बघत नव्हती, माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "दोन दिवस घासत बसला व्हता. घास म्हनून मी पन पानी आनून दिलं. एवढे कागद फिरवले तुमी सगल्यांनी. पाठ माजी व्हती ना? मना कोनी इचारलं?"

मी पेढ्यांचा पुडा कठड्यावर ठेवला आणि निघालो.

फ्लॉसीबाईंना मी फोन केला तेव्हा त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाल्या, नावासाठी अजूनही लढता येईल, अवघड आहे, पण येईल. जयराम नको म्हणाला. "नको बाय, पुन्यांदा कागद नको." शेवटी ते लेखी मीच लिहून दिलं. 'आपल्या सूचनेनुसार सदर चित्र नष्ट करण्यात आले आहे.' लहानसा मसुदा, एकही खाडाखोड नाही. खाली जयरामने सही केली. चौदाव्या दिवशी ते रजिस्टर पोस्टाने गेलं, मुदतीच्या आत.

आमचं पुस्तक निघालं. त्यात जयराम नाही. त्यानंतर तो वाचनालयात आला नाही, आणि आलं का पुस्तक, असं मला कुणी विचारलं नाही. वर्षभराने संस्थेचाही ग्रंथ निघाला, जाड कागदाचा, भारी. त्यात पानभर ती पाठ आहे. खाली लिहिलंय, 'संस्थेच्या संग्रहातून'. शेवटच्या पानावर कागदवाल्याचे आभार आहेत, बाइंडिंगवाल्याचे आभार आहेत. मी तो विकत घेऊन जयरामला दाखवायला नेला. नेऊ नये असं वाटत होतं, तरी नेला. त्याने पान उजेडात धरलं.

"छपाई चांगली हाय," तो म्हणाला. "हिरवा जरा जास्त झालाय." मग चित्राच्या तळाशी, जिथे तिकीटविक्रीच्या पट्टीमुळे दगड झाकला गेला होता, तिथे त्याने अंगठा ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि ग्रंथ मिटून मला परत दिला.

दोन हजार सातच्या जानेवारीत तो गेला. काही मोठं दुखणं नव्हतं. कमळी म्हणाली, जेवनच कमी झालेलं. मी बाराव्याला गेलो. माणसं पुढे पडवीत बसली होती, मला तिथे बसवेना, म्हणून मी घरामागे गेलो. गावात नळ आल्यापासून विहिरीचं पाणी कुणी काढत नव्हतं. तोंडावर झाकण म्हणून ती पांढरी फळी टाकलेली होती, वर दोन दगड. तिच्यावर पुढे कुणी काही लिहिलं नव्हतं.

आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी खिशातली किल्ली काढली आणि फळीची खालची कड खरवडली. जिथे शेवाळाच्या रंगाचा दगड होता तिथे. वाटलं, सफेद्याखाली काहीतरी उरलं असेल, थोडा हिरवा, अक्षराचा एखादा तुकडा. बराच वेळ खरवडत होतो. खाली लाकूड लागलं. दुसऱ्या जागी खरवडलं, तिथेही लाकूडच. जयरामने काम चोख केलं होतं.

त्याने रंगवलेली ती कागदाची पट्टी मात्र माझ्या टेबलाच्या खणात होती. आता तुमच्या हातातलं हे पुस्तक मी स्वतःच्या खर्चाने काढतो आहे. वरच्या चौकटीत चित्र नाही, पण तिच्याखाली ती पट्टी लावली आहे, त्याच्याच अक्षरात. ह्या वेळी मी कुणालाही विचारलेलं नाही.